मंगळवारची गोळी

प्रियांकाचा फोन आला तेव्हा मी एका माणसाला त्याच्याच अर्जाची पोच नाकारत होते. शहापूरच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर मला नऊ वर्षं झाली, आणि या टेबलामागून बघितलं की माणसं दोनच प्रकारची उरतात, पोच मागणारी आणि न मागणारी. न मागणाऱ्यांचं पुढं काय होतं ते मी बघितलेलं आहे, म्हणून मागणाऱ्यांना मी सहसा छळत नाही. पण या गृहस्थांनी अर्जाखाली सही केली नव्हती, आणि सही करा म्हटल्यावर ते म्हणाले, "मॅडम, मी समोर उभा आहे ना, मग सही कशाला?" मी त्यांना समजावत होते की उद्या तुम्ही समोर नसाल, अर्ज असेल. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. प्रियांका म्हणजे औषधाच्या चाचणीच्या केंद्रातली मुलगी. माझं रक्त काढणारी, माझ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मोजणारी. "रंजिताताई, तुमचा रिपोर्ट आला. तुमचा आकडा नऊवरच अडकलाय हो. बाकीचे सगळे सोळा-सतराला पोचले. गोळ्या घेताय ना नीट?" मी म्हटलं, "पट्ट्या तूच मोजतेस की." "हो, पट्ट्या बरोबर आहेत," ती म्हणाली आणि तिथं जरा थांबली. मग म्हणाली, "म्हणजे डोसच कमी पडतोय. तुमच्यामुळं गटाची सरासरी खाली आलीय. डॉक्टर कर्णिक म्हणतात, बहुतेक सातही जणांचा डोस दुप्पट करावा लागेल. सोमवारी या." फोन ठेवला आणि समोरच्या गृहस्थांना मी सही न घेताच पोच देऊन टाकली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ते इतके चकित झाले की आभार मानायचे विसरले.

आजाराचं आधी उरकून टाकते, म्हणजे कोणाला 'बिचारी' म्हणायला सवड मिळायची नाही. मला सिकलसेल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांच्या वळणावर एकमेकींत अडकून बसतात, आणि ज्या हाडाकडे रक्त जायचं ते हाड आतून ओरडायला लागतं. दुखणं म्हणतात त्याला, पण तो शब्द थिटा आहे. दात दुखतो तेव्हा बाकीचं अंग त्याच्याकडे बघत बसतं. हे दुखतं तेव्हा बघायला कोणी बाजूला उरत नाही. खर्डीच्या वरच्या आमच्या पाड्यावर 'हाडं फुटतात' म्हणत. आता सरकारी तपासणी होते, आजाराप्रमाणे रंगाचं कार्ड मिळतं, आणि सोयरीक घेऊन आलेली माणसं चहाच्या आधी कार्ड मागतात. माझं कार्ड बघून तीन घरं उठून गेली. तिन्ही घरांनी चहा मात्र शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. कोणी किती बिस्किटं घेतली तेही मला आठवतं. राग म्हणून नाही. असं काही समोर आलं की माझ्या डोक्यात त्याची आपोआप नोंद होते, त्याला माझा इलाज नाही.

चाचणीत आम्ही सात जण. पहिल्या दिवशी डॉक्टर कर्णिकांनी आम्हाला शहापुरातल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर बसवलं. महिन्यातून एकदा त्यांची गाडी येते आणि तो मजला इस्पितळ होतो. खाली कोणाचं तरी लग्न लागत असतं, वर आमचं रक्त निघत असतं. त्या म्हणाल्या, आईच्या पोटात प्रत्येकाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते वाकत नाही. तुमचंही तसंच होतं. जन्मानंतर शरीर ते बनवणं बंद करतं आणि मोठ्या माणसाचं सुरू करतं, आणि तुमचं बिघडलंय ते हे मोठ्या माणसाचं. पण बाळाच्या हिमोग्लोबिनची कृती पेशीतून कोणी फाडून टाकत नाही. तिच्यावर नुसत्या खुणा केल्या जातात, की हे पान बंद. खुणा करणारी एन्झाइम असतात. त्यातलं एक असं, की पेशीची नवी प्रत निघाली रे निघाली की जुन्या प्रतीवरच्या खुणा बघून तशाच्या तशा नव्या प्रतीवर उतरवतं. ही गोळी त्या एन्झाइमला धरून ठेवते. नव्या प्रती कोऱ्या निघतात आणि बंद केलेलं पान पुन्हा वाचलं जातं. शंभरात किती हिमोग्लोबिन बाळाचं झालं, तोच आमचा आकडा. सगळे माना डोलावत होते. मला मात्र हसू आवरेना, कारण त्या एन्झाइमला मी ओळखत होते. माझ्या उजव्या हाताच्या टेबलावर तो बसतो. जुन्या कागदावर जो शिक्का असेल तो नव्यावर मारायचा, आणि का म्हणून विचारलं तर 'आधीपासून असंच आहे' म्हणायचं. बत्तीस वर्षांची नोकरी, एक चूक नाही आणि एक विचारही नाही. असा एकेक जण माझ्या पेशीपेशीत बसलाय म्हटल्यावर मला माझा आजार जरा घरचा वाटायला लागला. मी विचारलं, "त्याला कायमचाच घालवला तर?" डॉक्टर म्हणाल्या, "मग जी पानं बंदच राहायला हवीत तीही उघडतील. तो कामाचा आहे हो. थोडा वेळ थोपवायचा, तेवढंच." म्हणून गोळ्या आठवड्याला दोनच, एक सोमवारी, एक मंगळवारी. जास्त झाल्या तर पांढऱ्या पेशी घसरतात आणि साधा तापही माणसाला घेऊन जातो. पोटात मूल असेल तर नावच नको; त्यासाठी प्रियांका दर महिन्याला माझ्या कानाशी येऊन "ताई, पाळी?" असं विचारते, जणू मी रोज कोणाबरोबर तरी पळून जात असते.

बारकी माझी धाकटी बहीण. चोवीस वर्षांची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि आजारात माझ्याहून थोरली. पहिल्या दिवशी तिलाही नेलं होतं. प्रियांकानं तिचे कागद उलटले, पुन्हा मागं आणले, आणि म्हणाली, "हिला तीन महिन्यांत दोनदा रक्त चढवलंय. मग नाही घेता येणार. दुसऱ्याचं रक्त मिसळलं की आमची मोजदाद चुकते." बारकीला रक्त चढवल्याशिवाय तीन महिने निघतच नव्हते. म्हणजे जी रखडत का होईना रोज टेबलावर बसू शकते तिला औषध, आणि जी दुसऱ्याच्या रक्तावर श्वास घेते तिला नाही. जिना उतरताना बारकी दर दोन पायऱ्यांनी थांबत होती. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा म्हणाली, "शाळंत कमी पडलं म्हनून नापास करीत, हितं जास्ती झालं म्हनून. आपून पास व्हनार तरी कुठं गो?" आणि हसली. तिच्या हसण्यात डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो. तो मला बघायचा नसतो, म्हणून ती हसली की मी दुसरीकडे बघते, आणि तिला वाटतं मला तिचे विनोद आवडत नाहीत.

पहिल्या सोमवारी मी गोळी घेतली. मंगळवारची हातात धरली आणि ती तोंडाकडे जाईना. याला कोणी त्याग म्हणेल. त्याग करणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. ती नंतर सांगत हिंडतात. मला एकटीनं गिळायची लाज वाटली, एवढंच, आणि ती लाज कुठून आली तेही मला नेमकं ठाऊक आहे. बाप, मंगळ्या, ओढ्यातले मासे घेऊन यायचा तेव्हा आई अंगणात सागाची पानं मांडायची. घरात जेवढी माणसं तेवढी पानं. तापानं आत पडलेल्याचं पान, पाहुणी आलेल्या आत्याचं पान, आणि आत्याच्या पोटात होतं त्याचंही एक. ढीग सारखे लावून झाले की एका पोराला पाठमोरं उभं करायची आणि एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायची, "ह्यो कोनाचा?" पाठमोऱ्या पोरानं नाव घ्यायचं, त्या नावाला तो ढीग. न बघता वाटणी केली की हात मोठ्या माशाकडे जात नाही. एकदा काका म्हणाला, "जना, जो पान्यात उतरलाच नाय त्याला वाटा कशाचा गो?" आई पानं मांडता मांडता म्हणाली, "पान्यात नाय उतरला म्हनून त्याला प्वाट नाय का?" काका पुन्हा कधी बोलला नाही, निदान पानं मांडलेली असताना तरी. बावीस पानांच्या संमतिपत्रावर मी सही केली होती, गोळ्या फक्त मीच घेईन म्हणून. सही खरी होती. पण त्या सहीच्या आधी मी वीस-बावीस वर्षं त्या अंगणात जेवले होते, आणि त्या वेळी माझी संमती कोणी घेतली नव्हती.

तेव्हापासून सोमवारची माझी, मंगळवारची तिची. रविवारी मी खर्डीला उतरते, तिथून जीपनं वर पाड्यावर, आणि पुढच्या मंगळवारची गोळी कागदाच्या पुडीत तिच्या हातात. रिकाम्या पट्ट्या प्रियांकापुढं ठेवते तेव्हा त्या खोट्या नसतात. प्रत्येक गोळी कोणाच्या तरी पोटात गेलेलीच असते. दर महिन्याला बारकीला शहापुरात बोलावून तिचं रक्त तपासून घेते, पांढऱ्या पेशी बघते. आगाऊपणा केला असेल मी, आंधळेपणा केलेला नाही. दोघींच्या दुखण्याच्या दिवसांची एक वही आहे. आधी माझे महिन्याला सहा दिवस, आता तीन. बारकीचे आधी अकरा. पहिल्या दोन महिन्यांत तसेच अकरा, दहा. मला वाटलं वाया चाललंय. मग आठ. मग सहा. मग पाच. नुकत्या सरलेल्या पौषात चार. पौषातली थंडी म्हणजे आमचा वैरी. पहाटे जाग आली की मी डोळे न उघडता आधी गुडघ्यांना विचारते, मग मांड्यांना, मग पाठीला, एकेकाची हजेरी घेते आणि सगळे गप्प असले तर मग उठते. बारकी असली हजेरी घेत नाही. तिला पाच महिने रक्त चढवावं लागलेलं नाही. गेल्या महिन्यात गेले तेव्हा ती घरी नव्हती. आई म्हणाली, "लाकडांना गेली." मी म्हटलं, "कोण?" आई म्हणाली, "कोन म्हंजे? तुझी बहीन. मोळी आनते म्हनली." मी अंगणात उभी राहिले आणि डोक्यावर मोळी घेतलेली बारकी उतरणीवरून येताना बघितली. तिला दम लागला होता, तो साध्या माणसांना लागतो तसला.

तर प्रियांकाच्या फोननंतर मी कचेरीत बसून जे केलं ते मला सांगायला आवडत नाही, पण सांगते. मी हिशेब केला. डोस दुप्पट झाला तर सोमवारी दोन, मंगळवारी दोन. म्हणजे दोन माझ्या, दोन बारकीच्या. म्हणजे दोघींना पुरा डोस. काही करायचं नाही, फक्त गप्प बसायचं. कागद सगळे बरोबर, पट्ट्या बरोबर, आणि पाड्यावरच्या दोन पोरी कोणाच्या लक्षात न येता बऱ्या. इतका साफ हिशेब माझ्या आयुष्यात कधी जमला नव्हता, आणि जमला म्हणूनच मी बिचकले. कारण इतके साफ जमलेले कागद टेबलावर येतात तेव्हा मी कोणाचं तरी नाव गळलंय का ते शोधते. या खेपेला नाव लगेच सापडलं. भगीरथ. मुरबाडकडच्या एका पाड्यावर शाळामास्तर आहे, आमच्या सातांतला एक, किन्हवलीवरून एसटीनं येतो. खुब्याचं हाड झिजलेलं, चालताना एका बाजूला कलतो आणि स्वतःच म्हणतो, "रस्ताच तिरका आहे." तो दोन्ही गोळ्या स्वतः घेतो. त्याचा आकडा सतरा आहे आणि पांढऱ्या पेशी आत्ताच एकतीसशे, अगदी काठावर. माझ्या नऊसाठी त्याला चार गोळ्या. मी गप्प बसले की बारकी बरी होणार, आणि कोणत्या तरी मंगळवारी भगीरथ मास्तराला साधा ताप येणार. तेही कोणाच्या लक्षात येणार नाही. औषधाचा दुष्परिणाम म्हणून लिहिलं जाईल, आणि लिहिलेलं खरं असेल.

रविवारी पाड्यावर गेले. बारकी अंगणात वाल सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती सोलत राहिली, एक शेंग, दुसरी शेंग. मग म्हणाली, "त्यो मास्तर तुझा कोन लागतो?"

"कोणी नाही."

"मंग?"

"मग काही नाही."

"कार्ड काय रंगाचं हाय त्याचं?" तिनं एवढं गंभीर तोंड करून विचारलं की मला कळायला वेळ लागला. मी तिला वालाची टरफलं फेकून मारली. ती हसली, आणि या खेपेला मी बघितलं. डोळे पांढरे होते. पूर्ण नाही, पण होते. मग ती टरफलं गोळा करत म्हणाली, "सांगशील तर बंद व्हईल नं गोळी?"

"तुझी तर होईलच. माझीही."

"दोघींची."

"दोघींची."

"आन् नाय सांगितलं तर चालू."

"हो."

तिनं पुन्हा एक शेंग उचलली आणि सोलली. मला वाटत होतं तिनं रडावं, भांडावं, म्हणजे मला तिची समजूत घालता येईल. समजूत घालणारं माणूस नेहमी वरच्या पायरीवर असतं. पण ती म्हणाली, "उद्या मी येतां तुझ्याबरूबर. तू एकटी जाऊन माझं नाव कायतरी बारीक आवाजात सांगशील. मी ओळखतां तुला. साहेब लोकांपुढं तुझा आवाज बारीक व्हतो." हे खोटं आहे. पण इतकं नेमकं खोटं आहे की मी तिला पहाटेच्या जीपची वेळ सांगितली.

सोमवारी कार्यालयात खाली लग्न होतंच. जिन्यापर्यंत खुर्च्या आलेल्या, बँडवाले वाद्यांवरची कापडं काढत होते. बारकीला मी जिन्याच्या वळणावर बसवलं. वर बाकावर भगीरथ मास्तर होता. मला बघून म्हणाला, "या, सरासरी आली!" प्रियांकानं त्याला सांगितलेलं दिसत होतं. "बाई, तुमच्यापायी आमचा डोस डबल होतोय. माझ्या पांढऱ्या पेशी तर आत्ताच राजीनामा लिहून बसल्यात."

"मग डबल घेऊ नका ना," मी म्हटलं.

"नाही कसं म्हणू? गेल्या आठवड्यात मी फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात नेला. सहा वर्षांनी." त्यानं हात वर करून दाखवला आणि तो वरच ठेवला, जरा जास्तच वेळ. माझं नाव पुकारलं गेलं.

डॉक्टर कर्णिक चांगल्या आहेत, हे मी आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढं ते कोणाच्या लक्षात राहणार नाही. त्यांनी माझा आलेख पुढं ओढला आणि डोसाविषयी बोलायला सुरुवात केली. मी म्हटलं, "डोस कमी पडत नाही. मंगळवारच्या गोळ्या माझ्या बहिणीनं घेतल्यात. सव्वीस आठवडे, सव्वीस गोळ्या." त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढलेली माणसं अचानक घरातली वाटतात. "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय म्हणून आले. नाहीतर गप्प बसून दुप्पट घेतल्या असत्या."

"तिला काही झालं असतं म्हणजे? कोण बघत होतं तिच्याकडे?"

"मी," म्हटलं, आणि बारकीचे सहा रिपोर्ट आणि वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी हात लावला नाही. मग लावला. एक रिपोर्ट वाचला, दुसरा वाचला, वही उघडली. अकरा, दहा, आठ, सहा, पाच, चार. त्यांचं बोट चारवर थांबलं. खाली बँड सुरू झाला आणि टेबलावरच्या बाटल्या बारीक किणकिणायला लागल्या. डॉक्टर उठल्या, दार लोटून घेतलं, आणि बसल्या त्या आवाज खाली आणून. "हे बघा, रंजिता. मी असं लिहिते, की तुम्ही मंगळवारची गोळी घ्यायला विसरत होतात. खूप पेशंट विसरतात. मग तुमचा आकडा का कमी, ते कळतं. कोणाचा डोस वाढवायची गरज राहत नाही. आणि तुम्ही चाचणीत राहता. उद्यापासून दोन्ही गोळ्या स्वतः घ्या, तीन महिन्यांत सोळावर जाल."

"आणि बारकी?"

"तिचं मी काही ऐकलेलं नाही."

मला वाटतं माणसाला विकत घेताना कोणी धमकी देत नाही. त्याला त्याच्याच भल्याचा कागद लिहून देतात. भगीरथ वाचला, मी वाचले, डॉक्टरांची चाचणी वाचली, आणि नियमही मोडला नाही. सगळं बसलं. फक्त पाच महिने रक्त न चढवता राहिलेली, मोळी घेऊन उतरणीवरून आलेली एक बाई कधी नव्हतीच. माझ्या मांड्यांत ओळखीची कळ उठत होती, भीतीनंही ती उठते. सोळा. मी सोळावर असते तर कशी असते? पहाटे हजेरी न घेता उठणारी. मला ते हवं होतं. हे मी लपवत नाही, मला ते फार हवं होतं.

"मी विसरले नाही," मी म्हटलं. "एकही नाही. विसरणाऱ्या बाईचं रक्त नाही हे डॉक्टर, अर्ध्या डोसाचं आहे. अर्ध्या डोसात मी नऊवर गेले. आणि जिला तुम्ही जास्त आजारी म्हणून घेतलं नाही, तिचे अकराचे चार झाले. हे तुमच्याच कामाचं आहे. ते विसरभोळेपणाखाली पुरू नका."

"खरं लिहिलं तर तुम्हाला आजच्या आज बाहेर काढावं लागेल. तो नियम माझ्या हातात नाही."

"लिहा."

"तिचा आकडा आमच्या मोजणीत येणार नाही. कधीच. विनापरवाना घेतलेलं औषध आहे ते."

"मोजणीत नका घेऊ. पान चौदा बघा."

"कसलं पान चौदा?"

"संमतिपत्राचं. औषध चुकून दुसऱ्या कोणाच्या पोटात गेलं तर त्या माणसाची तपासणी आणि देखरेख वर्षभर केंद्र करेल."

"ती बावीस पानं तुम्ही वाचलीत?"

"वाचणं हे माझं कामच आहे."

"तिथं चुकून लिहिलंय. तुम्ही मुद्दाम दिलंय."

"मुद्दाम गेलं तर रक्त वेगळं होतं का?" माझा आवाज बारीक झालेला नव्हता. उलट इतका मोठा झाला होता की दाराबाहेरच्या बाकावरचं बोलणं थांबलं. "मी दिलंय, माझं नाव लिहा, मला काढा. तिनं घेतलंय, ती खाली जिन्यात बसलीय, तिच्याकडे वर्षभर बघा. दोन्ही तुमच्याच कागदात आहे. एक पाळायचं आणि एक नाही, असं मी चालू देणार नाही. इथून उठून मी हेच लिहून तुमच्या वरच्या कमिटीला पाठवणार आहे, माझ्या चुकीसकट."

डॉक्टरांनी चष्मा घातला. त्या रागावल्या होत्या, पण रागाखाली दुसरंही काही होतं. त्यांनी वही बंद केली नव्हती. बराच वेळ त्यांनी लिहिलं. मग एक छापील कागद माझ्याकडे सरकवला, चाचणी सोडल्याचा. त्यात लिहिलं होतं, मी स्वतःहून सोडत आहे. मी 'स्वतःहून' खोडलं, त्यावर 'काढल्यामुळे' लिहिलं, आणि सही केली. प्रियांका दारात येऊन उभी राहिली होती, तिचे डोळे भरलेले. "पट्ट्या बरोबर होत्या हो ताई," ती म्हणाली, आणि मला तिची दया आली.

"खाली तिची बहीण असेल," डॉक्टर तिला म्हणाल्या. "तिला वर आण. सगळ्या तपासण्या. आणि ते बाळाचं हिमोग्लोबिनही मोजायला टाक."

"पण ते तर मोजणीत..."

"टाक म्हटलं ना."

बारकी वर आली तेव्हा तिच्या हातात बुंदीचा लाडू होता. खालच्या लग्नात कोणीतरी तिला पंगतीला बसवायला निघालं होतं. बसायला वेळ नाही म्हणून तिनं लाडू तेवढा घेतला होता. भगीरथ मास्तरानं बाकावर सरकून तिला वाट दिली. तिनं लाडू त्याच्या हातात दिला, "धरा जरा, खाऊ नका," असं म्हणून, आणि रक्त काढायच्या खुर्चीवर जाऊन बसली. माझ्याकडे बघून तिला कळलं असावं की आपली गोळी गेली, दोघींची गेली. तिनं बाही वर ओढली. दंडाला पट्टा बांधून प्रियांका नस शोधायला लागली. तिची बोटं कोपराच्या खळीत फिरत होती, दाबत होती, पुन्हा फिरत होती. इतक्या वर्षांच्या सुयांनी तिथं नुसत्या गाठी राहिल्या होत्या.

"ती नको," बारकी म्हणाली. "ती संपली. तिच्या बाजूची पन संपली." तिनं हात पालथा केला, मनगटाच्या जरा वर एका जागेवर आपलं बोट ठेवलं आणि प्रियांकाच्या तोंडाकडे बघितलं. "ही घे. घाबरू नको, घाल."

प्रियांकानं सुई घातली. क्षणभर नळी कोरडीच राहिली. मग रक्त आलं.